गळत नाही म्हणजे चालतोय, असं नाही

या वेळच्या पत्रांत निम्म्याहून जास्त प्रश्न मोटरसायकलच्या मागच्या शॉकअपचे निघाले. लांब पल्ल्याची गाडी, डबल सीट, बाजूला बॅगा आणि शंका एकच: हा बदलायचा कधी? म्हणून सगळी जागा शॉकअपलाच दिली आहे.

प्रश्न : माझी ३५० सीसी गाडी आहे, मागे दोन शॉकअप. ४६ हजार किलोमीटर झाले. वर्षातून तीन-चार वेळा दोघं जण आणि बॅगा घेऊन लांबचा दौरा होतो. मेकॅनिक म्हणतो, ‘भाऊ, तेल गळत नाही ना? मग चालू द्या.’ शॉकअपचं आयुष्य नेमकं किती धरायचं?
– एक वाचक, अमळनेर

उत्तर : गळणं हे शॉकअप मेल्याचं लक्षण आहे, पण सगळेच काही गळून मरत नाहीत. बहुतेक जण आत मरतात आणि बाहेरून कोरडे ठणठणीत दिसतात.

शॉकअपमध्ये दोन वस्तू दोन वेगळी कामं करतात. स्प्रिंग वजन पेलते. आतलं तेल पिस्टनच्या बारीक भोकांतून आणि पातळ चकत्यांमधून ढकललं जातं आणि स्प्रिंगची उसळी दाबतं. हे दुसरं काम म्हणजे डॅम्पिंग. स्प्रिंग चांगल्या पोलादाची असेल तर वर्षानुवर्षं टिकते. आधी संपतं ते डॅम्पिंग.

इंजिनचं तेल तुम्ही पाच-दहा हजार किलोमीटरला बदलता. शॉकअपमध्ये तेल असतं जेमतेम चहाच्या कपभर, आणि ते कधीच बदललं जात नाही. दर पाच मीटरला एक हालचाल धरली तरी ४० हजार किलोमीटरमध्ये पिस्टन ८० लाख वेळा खालीवर होतो. (आपल्याकडचे काही रस्ते आठवा, पाच मीटर हा अंदाज फारच सभ्य आहे.) तेवढ्यात तेल चिरडून पातळ होतं आणि पिस्टनची रिंग व बुश (भोकातली झिजणारी बाही) घासून निघालेली धातूची भुकटी त्यात मिसळते. गॅसच्या शॉकअपमध्ये तेलावर दाब ठेवणारा नायट्रोजन सीलमधून (रॉडभोवतीच्या रबरी कडीतून) हळूहळू निसटतो. वायूचा दाब गेला की तेलात बुडबुडे धरतात आणि पिस्टन तेलाऐवजी फेसातून फिरतो. फेस काही अडवत नाही.

आता आकडे. कंपनीचे साधे, न उघडणारे शॉकअप असतील तर २० ते २५ हजारांनंतर उतार लागतो. डबल सीट, सामान आणि खराब रस्ते असतील तर ४० ते ५० हजारांत ते संपले असं धरून तपासावं. एकटा, हलका चालक आणि चांगला हायवे असेल तर ६० हजारांपुढेही काम निघतं. उघडून दुरुस्त करता येणाऱ्या महागड्या शॉकअपना रस्त्याच्या वापरात साधारण २० ते ३० हजार किलोमीटरला तेल आणि सील बदलावं लागतं. महाग आहे म्हणून सर्व्हिस लागत नाही, हा गैरसमज महागातच पडतो.

किलोमीटरपेक्षा उष्णता जास्त मारते. शॉकअप हालचालीची उष्णता करतो, ती बाहेरच्या हवेत जाते. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या आसपास असताना ती हवाच तापलेली. त्यात वजन जास्त असलं की तेल आणखी पातळ. सकाळी सहाला धुळ्याहून निघताना ठीक वाटणारी गाडी दुपारी डुलायला लागते, ती यामुळे.

तुमच्या गाडीची तपासणी अशी करा. आधी थंड गाडी सरळ उभी धरून सीटची मागची बाजू जोरात दाबून सोडा. मागचं टोक एकदा वर येऊन थांबलं पाहिजे. वर, पुन्हा खाली, पुन्हा वर असा झोका झाला तर डॅम्पिंग गेलं. पण थंड शॉकअप ही परीक्षा बऱ्याचदा पास होतो, म्हणून २५-३० किलोमीटर खडबडीत रस्त्यावर डबल सीट चालवा आणि थांबल्याबरोबर तीच परीक्षा पुन्हा घ्या. फरक हाताला कळतो. त्याच वेळी दोन्ही शॉकअपच्या नळीला हात लावून बघा (सायलेन्सर सांभाळून). एक कोमट आणि दुसरा जवळजवळ थंड लागला, तर थंड असलेला काहीच काम करत नाहीये. सगळा भार जोडीदार ओढतोय.

चालवताना सावळद्याजवळच्या तापीच्या पुलासारख्या लांब पुलावर लक्ष ठेवा. जोडावरून गेल्यावर मागची बाजू एकदा हलून शांत होते, की दोन-तीन वेळा डुलते? घाटाच्या वळणात खड्डा आला की मागचं चाक रेष सोडतं का? मागच्या टायरवर हात फिरवा. ठराविक अंतरावर खोलगट चट्टे लागले तर चाक रस्त्यावर उड्या मारत चाललंय. याला दुसरी कारणं असू शकतात, हवा कमी असणं हे पहिलं. पण हवा बरोबर असून चट्टे असतील तर संशय शॉकअपवर.

४६ हजार आणि तुमचा वापर बघता आमचं मत बदलण्याकडे आहे. बदलताना दोन्ही. एक नवा आणि एक जुना लावला तर चिमट्याला (मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्मला) पीळ बसतो आणि गाडी एका वळणाला वेगळी, दुसऱ्याला वेगळी वागते. आणि एक गंमत सांगून ठेवतो: शॉकअप इतका सावकाश मरतो की चालकाला ते कळतच नाही, तो नकळत वेग कमी करत जातो. नवे बसवल्यावर पहिल्या वळणाला कळतं.

प्रश्न : मोनोशॉकच्या (मागच्या एकुलत्या शॉकअपच्या) रॉडवर तेलकट कडी दिसते. धूळ चिकटलेली आहे. लगेच बदलावा का?
– भुसावळ

उत्तर : लगेच नाही. सील रॉडवर तेलाचा अगदी पातळ थर ठेवतोच, त्याशिवाय ते सुकून फाटेल. त्या थरावर धूळ बसून राखाडी कडी होते. ती चालते.

साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने रॉड आणि सीलची जागा स्वच्छ पुसा. पेट्रोल वापरू नका, रबर फुगतं. १०० किलोमीटर चालवून पुन्हा बघा. बोटाला नुसता ओलसरपणा लागला तर पुढच्या सर्व्हिसपर्यंत सोडा. नळीवर ओघळ आला असेल, खालच्या बुशपाशी ओली काळी माती जमली असेल तर सील गेलं. मग लांबचा दौरा नको. ते तेल डिस्कवर किंवा टायरवर गेलं तर प्रश्न आरामाचा राहत नाही.

सील बदलण्याआधी रॉड बघणं महत्त्वाचं. उजेडात धरून क्रोमवर नख वरून खाली फिरवा. नख अडकलं तर तिथे खडीचा टोला किंवा गंजाचा खड्डा आहे. अशा रॉडवर नवं सील घालणं म्हणजे कानशीवर रबर घासणं, काहीशे किलोमीटरमध्ये पुन्हा गळेल. आणि तो खड्डा पडतो कशाने? मोनोशॉक मागच्या टायरच्या बरोबर समोर असतो. पावसाळ्यात शेतरस्त्याचा काळा गारा सरळ रॉडवर बसतो, वाळतो आणि पुढच्या खड्ड्याला सीलमध्ये ओढला जातो. चाक आणि शॉकअप यांच्यामध्ये रबराचा पडदा बांधा, जुन्या ट्यूबचा तुकडासुद्धा चालतो. धुताना प्रेशरचं पाणी सीलवर मारू नका. ते माती बाहेर काढत नाही, आत ढकलतं.

प्रश्न : माझं वजन ७८ किलो, मागे बसणारे ६० आणि सामान २५ किलो. शॉकअप सगळ्यात कडक खाचेवर ठेवूनही चांदसैली घाटात मागून ‘धाड’ असा आवाज येत होता. आता आणखी काय कडक करू?
– शहादा

उत्तर : त्या खाचेने शॉकअप कडक होतच नाही. इथेच बहुतेकांची गफलत होते. प्रीलोडची खाच फिरवली की स्प्रिंग जरा जास्त दाबून ठेवली जाते, त्यामुळे गाडीची मागची बाजू उंच राहते. स्प्रिंगचा मूळ कडकपणा तोच राहतो, आणि डॅम्पिंगला तर त्या खाचेचा पत्ताही नसतो. मेलेल्या शॉकअपवर खाच चढवली की उसळी वाढते, दाबणारं कोणी नसतं. गाडी आणखी उड्या मारते.

आधी वजनाची बेरीज पुरी करा. ७८, ६० आणि २५ म्हणजे १६३. त्यात बॅगांची लोखंडी चौकट आणि डबे धरलेत का? ते सहज १०-१५ किलो असतात. एकूण आकडा गाडीच्या पुस्तकातल्या कमाल वजनाशी ताडून बघा. जड सामान शेपटीच्या डब्यात असेल तर ते काढून पुढे घ्या. मागच्या एक्सलच्या मागे लटकलेलं वजन तरफेसारखं काम करतं, तिथलं ८ किलो शॉकअपला ८ पेक्षा जास्त जाणवतं.

मग सॅग मोजा, म्हणजे वजनाने मागची बाजू किती बसते ते. मोजपट्टी, चिकटपट्टी आणि एक तिसरा माणूस एवढंच लागतं. गाडी मेन स्टँडवर घेऊन मागचं चाक पूर्ण लटकू द्या. एक्सलच्या मध्यापासून सरळ वर, मागच्या पत्र्यावर चिकटपट्टीची खूण करा आणि अंतर मिलिमीटरमध्ये लिहून घ्या. समजा ५६० आलं. आता गाडी चाकांवर सरळ धरा, दोनदा हलवून स्थिर करा, पुन्हा मोजा. समजा ५४५. रिकाम्या गाडीची बसण १५ मिमी. आता दोघं जण हेल्मेट-जॅकेटसह बसा, बॅगा भरलेल्या हव्यात, पाय फूटरेस्टवर, कोणीतरी पुढून हँडल धरा. तिसऱ्याने मोजलं, ५०६ आलं. ५६० वजा ५०६, म्हणजे ५४ मिमी. प्रत्येक वेळी सील आणि बुशच्या घर्षणामुळे दोन-चार मिलिमीटर इकडेतिकडे होतात, म्हणून एकदा गाडी दाबून सावकाश सोडून आणि एकदा उचलून सावकाश सोडून मोजा, सरासरी घ्या.

५४ बरं की वाईट? ते चाकाच्या एकूण चालीवर, म्हणजे चाक वरखाली किती सरकू शकतं त्यावर. जुन्या ४११ सीसी हिमालयनच्या मागच्या चाकाची चाल १८० मिमी आहे. त्यातले ५४ म्हणजे ३० टक्के, अगदी जागेवर. ८०-९० मिमी चालीच्या दोन शॉकअपवाल्या गाडीला २५ ते ३० मिमी हवेत, तिथे ५४ आले तर अर्ध्याहून जास्त चाल तुम्ही नुसते बसल्यावरच संपवली.

शेवटच्या खाचेवर, पूर्ण वजनानिशी बसण ४० टक्क्यांच्या वर जात असेल तर तुमच्या वजनाला स्प्रिंग नरम आहे. जास्त कडक स्प्रिंग बसवा, पण थकलेल्या शॉकअपवर नाही. कडक स्प्रिंगची उसळी जास्त, ती दाबायला डॅम्पिंग तेवढंच ताजं लागतं. आणि बसण ठीक असून ‘धाड’ होत असेल तर दोष डॅम्पिंगचा किंवा बंप स्टॉपचा. रॉडवरचा तो फेसाचा किंवा रबराचा गोळा उन्हाने भुगा होतो आणि मग लोखंडावर लोखंड आदळतं. रॉड उघडा दिसत असेल तर त्यावर बारीक केबल टाय सैल अडकवा आणि घाटातून एक फेरी मारा. टाय जिथे सरकून थांबेल तिथपर्यंत शॉकअप दबला, हे डोळ्यांनी दिसतं.

खाच बदलताना गाडी मेन स्टँडवर, चाक मोकळं, वाटी (स्प्रिंगच्या टोकाची खाचांची कडी) ब्रशने साफ करून मगच हुक पाना लावा. वाटीत वाळलेली माती असताना जोर लावला की पाना सटकतो आणि बोटं सोलतात. दोन शॉकअप असतील तर दोन्ही एकाच खाचेवर. दौऱ्यावरून आल्यावर परत खाली आणायला विसरू नका. एकटं बसून शेवटच्या खाचेवर चालवलं की मागचं चाक प्रत्येक खड्ड्याला लाथ मारतं.

प्रश्न : एका वर्कशॉपमध्ये जुन्या शॉकअपला भोक पाडून तेल-गॅस भरून वेल्डिंग करून देतात. नव्याच्या पाव किमतीत होतं. करावं का?
– धुळे

उत्तर : नको. कंपनीचे बहुतेक शॉकअप तोंड दाबून कायमचे बंद केलेले असतात, उघडण्यासाठी बनवलेलेच नसतात. वेल्डिंगच्या उष्णतेने आतलं सील आणि बुश भाजतात. वायू भरलेल्या शॉकअपला किंवा त्याच्या डब्याला ड्रिल लावणं तर सरळ धोक्याचं आहे.

शिवाय आत काय भरतात ते विचारा. शॉकअपचं तेल फार पातळ असतं. अनेक ठिकाणी २०डब्ल्यू-४० इंजिन ऑइल ओततात, ते ४० अंशांना त्याच्या कितीतरी पट घट्ट. सुरुवातीला गिऱ्हाईक खूश: ‘बघा, कसा कडक झाला!’ तो कडकपणा म्हणजे बारीक भोकांतून तेल सरकत नाही एवढंच. हिवाळ्यातल्या सकाळी खड्डा थेट कंबरेला कळतो. गॅसच्या नावाखाली कॉम्प्रेसरची हवा भरली तर ओलाव्याने आत गंज आणि प्राणवायूने तेल खराब. गॅसचा खरा शॉकअप नायट्रोजनवर असतो. एका नळीच्या गॅस शॉकअपमध्ये दाब साधारण १५० ते ३०० पीएसआय, तो पंक्चरच्या दुकानातल्या यंत्राचा विषयच नाही.

उघडण्याजोगा शॉकअप ओळखू येतो: तोंडाला सर्कलिप (खाचेत बसणारी तारेची कडी) किंवा पान्याची खाच असते, बऱ्याचदा वायू भरायचा व्हॉल्व्हही. तो पुण्या-मुंबईला सस्पेन्शनचंच काम करणाऱ्याकडे पाठवा आणि तीन गोष्टी लिहून मागा: तेलाचा ग्रेड, वायूचा दाब, बदललेल्या भागांची यादी. त्यात सील, ओ-रिंग, पिस्टन रिंग आणि बंप स्टॉप असायला हवेत.

दुसऱ्या कंपनीचा नवा घेत असाल तर डोळ्यापासून डोळ्यापर्यंतची लांबी आणि बुशचं भोक व्हर्नियरने मोजून घ्या. ‘उंच बरा दिसतो’ म्हणून १०-१५ मिमी लांब शॉकअप लावला की हँडल चपळ होतं, चेनचा ताण बदलतो आणि साइड स्टँडवर गाडी जास्त कलते.

प्रश्न : मोनोशॉक बदलून सहा महिने झाले, तरी स्पीडब्रेकरवर ‘कुईऽ कुईऽ’ आवाज. कन्नडच्या घाटात तर सतत. पुन्हा शॉकअपच गेला का?
– चाळीसगाव

उत्तर : शॉकअपचा नाही, लिंकेजचा संशय घ्या. मोनोशॉक आणि चिमटा यांच्यामध्ये बऱ्याच गाड्यांत जी छोटी दांडी-त्रिकोणाची जोडणी असते, तिच्यात सुईसारख्या रोलरच्या बेअरिंग असतात. त्या पूर्ण फिरत नाहीत, काही अंश पुढेमागे डोलतात. त्यामुळे रोलर त्याच त्या जागी दाबतात, ग्रीस बाजूला सरतं आणि पाणी शिरलं की तिथेच खाच पडते.

गाडी मेन स्टँडवर घ्या. चाक दोन्ही हातांनी सरळ वर उचला. शॉकअप हलायच्या आधी ‘टक’ असा मोकळा धक्का जाणवला तर लिंकेज किंवा शॉकअपचा बुश झिजलाय. चाक आडवं ढकलल्यावर पूर्ण चिमटा हलला तर चिमट्याचे बुश. काहीच हलत नाही, नुसता आवाज आहे, तर बहुधा ग्रीस वाळलंय एवढंच. बोल्ट काढताना चिमट्याखाली ठोकळा ठेवा, नाहीतर चाक खाली येऊन शॉकअप ओढला जातो. स्लीव्ह बाहेर काढताना सुया निसटतात, खाली ताट धरा आणि मोजून परत बसवा. एखादी सुई चपटी किंवा तपकिरी दिसली तर बेअरिंग बदला. नसेल तर धुऊन, वाळवून, पाण्यात टिकणारं ग्रीस भरा. हे १५-२० हजार किलोमीटरला, किंवा जास्त गाऱ्यातून चालवत असाल तर दर पावसाळ्यानंतर.

ज्यांच्या शॉकअपला रबरी बुश आहेत त्यांनी बोल्टचा शेवटचा आवळ गाडी चाकांवर उभी असताना द्यावा. चाक लटकलेलं असताना आवळलं की रबर कायमचं पीळ खाऊन राहतं आणि लवकर फाटतं.

प्रश्न : स्प्रिंगच्या वेढ्यांत अडकवायचे रबरी ठोकळे मिळतात. डबल सीटला उपयोग होतो का?
– यावल

उत्तर : नाही. ठोकळा अडकला तेवढा वेढा दबणं बंद होतं आणि भार उरलेल्या वेढ्यांवर जातो. स्प्रिंग तुटते ती तिथेच.

प्रश्न : ३८ हजार चाललेली जुनी टूरिंग गाडी घेतोय. दोन वर्षं उभी होती. शॉकअप तिथल्या तिथे कसा बघू?
– पाचोरा

उत्तर : उभी राहिलेल्या गाडीत रॉडचा उघडा भाग गंजतो आणि सील सुकतं. वीस मिनिटं चालवून पाहिलं तर कोरडं दिसेल, गळती आठवड्याभराने सुरू होईल. म्हणून टॉर्च मारून रॉड पूर्ण बघा, नखाची परीक्षा घ्या. प्रीलोडची वाटी फिरते का बघा. न फिरणारी वाटी म्हणजे बहुधा मालकाने ती कधी फिरवलीच नाही. साइड स्टँडवर गाडी नेहमीपेक्षा सरळ उभी राहत असेल तर मागची बाजू बसली आहे. मग विक्रेत्यालाच चालवायला सांगा, तुम्ही मागे बसा. डबल सीटला स्पीडब्रेकरवर कंबर सगळं सांगते. रॉडवर गंज किंवा ओघळ दिसला तर ‘सील टाकून देतो’ हे ऐकून घेऊ नका. नव्या शॉकअपचा भाव काउंटरवर विचारून या आणि तेवढी रक्कम सौद्यातून वजा करा.